कच्चतीवूवर बोलण्याआधी : किनारपट्टीच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरून लोकसभेत निवडून गेलेले सर्व सन्माननीय सदस्य यांस,

स.न.वि.वि.

भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्कच्या समुद्रातले, १९७४ च्या करारात श्रीलंकेकडे गेलेले कच्चतीवू बेट; त्याचा विषय हल्ली वर्ष-दोन वर्षांत एकदा तरी दिल्लीत गाजतो. १० ऑगस्ट २०२३ रोजी अविश्वास ठरावाला उत्तर देताना पंतप्रधानांनी तो काढला. ३१ मार्च २०२४ रोजी, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, तो पुन्हा निघाला. २ एप्रिल २०२५ रोजी तमिळनाडू विधानसभेने ‘बेट परत घ्या’ असा ठराव केला. मग सप्टेंबर २०२५ मध्ये श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके स्वतः त्या बेटावर जाऊन उभे राहिले आणि हे आमचेच, असे सांगून आले. प्रत्येक वेळी आपल्यापैकी कोणी ना कोणी या वादात उडी घेतली आहे. कोणी काँग्रेसने देशाची भूमी दान केली म्हणून टीका केली, तर कोणी दहा वर्षे सत्तेत असताना काय केलेत असे विचारून हिशेब चुकता केला.

मी पालघर किनाऱ्यावर राहतो. इथल्या ज्या घरांतले कर्ते पुरुष मासे पकडता पकडता कराचीच्या तुरुंगात जाऊन पडतात, त्या घरांचे अर्ज लिहून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्यामुळे ‘शेजारच्या देशाने आपले मच्छीमार पकडले’ ही बातमी मी वाचतो तेव्हा मला त्या बोटीवरच्या माणसाची कागदपत्रे आठवतात. बेटावरची भाषणे ऐकताना हा माणूस कुठे दिसतच नाही. आपण किनाऱ्याचे प्रतिनिधी आहात, म्हणून हे आपल्याला लिहितो आहे. माझे एकच म्हणणे आहे : कच्चतीवू परत मिळाले तरी तमिळनाडूच्या मच्छीमाराचा प्रश्न सुटत नाही, आणि तो सुटतो असे सांगणे ही त्याची फसवणूक आहे.

आधी बेट केवढे ते पाहू. सगळे मिळून २८५ एकर. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. प्यायचे पाणी नाही, म्हणून वस्ती नाही. संत अंतोनींचे एक चर्च आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रामनाथपुरमकडच्या एका श्रद्धाळू माणसाने बांधलेले. अलीकडे, २०१६ मध्ये, शेजारी नवे चर्च उभे राहिले. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे जत्रा भरते. रामेश्वरमहून आणि जाफन्याहून बोटी भरून माणसे येतात, पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. दोन्हीकडची माणसे तमिळ बोलणारी, कित्येकांची एकमेकांकडे सोयरीक. एवढे दोन दिवस सोडले तर बेटावर श्रीलंकेच्या नौदलाशिवाय फारसे कोणी नसते.

हक्काचा इतिहास गुंतागुंतीचा आहे, आणि तो एका बाजूने सांगायचा मोह दोन्हीकडच्यांना होतो. रामनाडच्या सेतुपती जमीनदारीच्या कागदांत बेटाचा उल्लेख आहे, त्यावर आपला दावा उभा होता. १९२१ मध्ये मद्रास आणि सिलोन या दोन्ही ब्रिटिश सरकारांच्या प्रतिनिधींनी कोलंबोत बसून मासेमारीची हद्द आखली, तेव्हा बेट सिलोनच्या बाजूला गेले. तो करार मात्र कधी मंजूर झाला नाही. स्वातंत्र्यानंतर अ‍ॅटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड यांचे मत भारताच्या बाजूने पडले. पंडित नेहरूंनी १९६१ मध्ये फाइलवर लिहिले की या छोट्या बेटाला आपण काहीच महत्त्व देत नाही आणि दावा सोडायला आपल्याला अडचण वाटणार नाही. शेवटी जून १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमावो बंदारनायके यांच्या सहीने करार झाला. पाल्कच्या समुद्रातून सीमारेषा गेली ती कच्चतीवूच्या पश्चिमेला एक मैलावरून, म्हणजे बेट श्रीलंकेचे. तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी विरोध नोंदवला, पण तिला आधी विचारण्याचे कष्ट दिल्लीने घेतले नव्हते असा तिथल्या लोकांचा राग आहे. तो राग खरा आहे. संसदेत घटनादुरुस्ती न करता हे झाले, हा आक्षेपही गंभीर आहे. बेरुबारी या बंगालच्या सीमेवरच्या भागाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच सांगितले होते की भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी. केंद्राचे उत्तर असे की हा भूभाग वादग्रस्त होता, त्यामुळे दिला असे म्हणता येत नाही. आणि हे उत्तर काँग्रेसच्या काळात होते तेच पुढेही राहिले. २०१४ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की बेट परत घ्यायचे तर युद्धच करावे लागेल. सभेतला सूर एक आणि कोर्टातला दुसरा, हे कोणत्याही पक्षाला शोभणारे नाही.

पण ज्या कागदाने मच्छीमाराचे पोट मारले तो १९७४ चा नव्हेच. १९७४ च्या करारात पाचवे कलम होते, की भारतीय मच्छीमारांना आणि यात्रेकरूंना पूर्वीप्रमाणे बेटावर जाता येईल. सहाव्या कलमात दोन्ही देशांच्या नौकांना एकमेकांच्या पाण्यात परंपरेने असलेले हक्क राखले होते. जाळी वाळवायला, विसावा घ्यायला आपली माणसे तिथे जात राहिली. मग २३ मार्च १९७६ रोजी मन्नारचे आखात आणि बंगालच्या उपसागरातली सीमा ठरवणारा दुसरा करार झाला, आणि त्याच वेळी दोन्ही परराष्ट्र सचिवांनी एकमेकांना पत्रे दिली. त्या पत्रांत स्पष्ट लिहिले आहे की भारताच्या मासेमारी नौका श्रीलंकेच्या पाण्यात आणि श्रीलंकेच्या नौका भारताच्या पाण्यात मासेमारी करणार नाहीत. त्याच व्यवहारात कन्याकुमारीच्या दक्षिणेची वॅज बँक ही मासळीची उथळ समुद्रपट्टी, जिथे सिलोनचे ट्रॉलर पूर्वापार येत, ती पूर्णपणे भारताकडे आली. हे झाले आणीबाणीत. तमिळनाडूचे द्रमुक सरकार त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी बरखास्त झाले होते, त्यामुळे बोलायला कोणी नव्हते. बेटाबद्दल घसा कोरडा करणाऱ्या भाषणांत या दोन पत्रांचा उल्लेख क्वचित येतो. वॅज बँकेचा तर त्याहून कमी, कारण मग आपल्यालाही काही मिळाले हे सांगावे लागते.

आता नकाशा काढून बसा. समजा उद्या चमत्कार झाला आणि बेट भारताला मिळाले. रेषा किती सरकेल? कच्चतीवूपासून श्रीलंकेचे नेडुंतीवू, म्हणजे डेल्फ्ट बेट, सुमारे २४ किलोमीटरवर आहे. दोघांच्या मधोमध रेषा काढली तर आपल्याला पूर्वेला दहा-बारा किलोमीटरचा पट्टा मिळेल. तमिळनाडूच्या बोटी पकडल्या जातात त्या मात्र नेडुंतीवूच्या अगदी अंगाला, मन्नारच्या उत्तरेला, पॉइंट पेड्रोच्या बाजूला. म्हणजे बेट मिळाल्यावरही त्या बोटी परक्याच पाण्यात असतील. नौदल तेच, कोर्ट तेच, तुरुंगही तोच.

त्या तिथवर का जातात, हा खरा प्रश्न आहे. पाल्कचा उपसागर उथळ आहे. खोलात खोल जागा तेरा मीटरच्या आसपास, आपल्या कोळ्यांच्या हिशेबाने सात वाव. अशा पाण्यात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर साठच्या दशकापासून सरकारी प्रोत्साहनाने ट्रॉलर वाढले, कारण कोळंबीला परदेशात भाव होता. ट्रॉलरचे जाळे तळाला घासत जाते. जाळ्याचे तोंड उघडे राहावे म्हणून दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या मारलेल्या जड फळ्या असतात. रामेश्वरमच्या धक्क्यावर अशा फळ्या मी जवळून पाहिल्या आहेत. खालची कड दगडावर घासून घासून चकाकत असते. ती फळी जिथून जाते तिथले समुद्री गवत उपटले जाते, अंडी, पिल्ले, शिंपले सगळे वर येते, आणि वर आलेल्यातले बरेचसे खतात आणि कोंबड्यांच्या खाद्यात जाते. दोन-तीन पिढ्या हे चालल्यावर आपल्या बाजूचा तळ खरवडून निघाला. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात ट्रॉलरला बंदी, आणि पुढे गेले की काही मैलांत आंतरराष्ट्रीय रेषा. मधल्या चिंचोळ्या पट्टीत शेकडो बोटी आणि मासळी नाही. मालकाचे कर्ज आहे, डिझेल भरलेले आहे. मग रात्री दिवे मालवून पलीकडे जायचे.

पलीकडे कोण आहे? जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतीवू, मन्नारचा तमिळ मच्छीमार. १९८३ पासून २००९ पर्यंत यादवी युद्धात त्याला धड समुद्रावर जाऊ दिले गेले नाही. त्याचे पाणी रिकामे पडले आणि तिथे आपले ट्रॉलर रुळले. युद्ध संपले, तो विस्थापितांच्या छावणीतून घरी आला, कर्ज काढून अठरा-वीस फुटांची फायबरची होडी घेतली, नायलॉनची जाळी घेतली. संध्याकाळी जाळे टाकून यायचे, पहाटे ओढायचे. पहाटे जाऊन पाहावे तर जाळ्याचा पत्ता नाही, किंवा दोरीला चार चिंध्या लोंबताहेत. रात्री ट्रॉलर गेला. नव्या जाळ्याला पुन्हा कर्ज. हा माणूस त्याच भाषेत बोलतो, त्याच अंतोनींच्या जत्रेला येतो, आणि भारताच्या ट्रॉलरविरुद्ध जाफन्यात रस्त्यावर उतरतो. आपल्याकडच्या वाहिन्यांवर मात्र त्याची कधी गाठच पडत नाही. तिथे दिसते ते फक्त ‘लंकन नेव्ही’.

मालवण, देवगड, आचऱ्याच्या मतदारांनी ज्यांना निवडून दिले आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री किनाऱ्याजवळ घुसतात आणि आमची जाळी तोडून जातात, ही तक्रार सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमाराने किती वर्षे केली आहे! पर्ससीनवर, म्हणजे अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या जाळ्यावर, निर्बंध आणा, एलईडी दिव्यांची मासेमारी थांबवा म्हणून रापणकरांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांनी, किती मोर्चे काढले! त्यांच्या मोर्चाला आपण गेलात, निवेदने घेतलीत. आता तोच तक्रारदार जाफन्यात उभा आहे, आणि त्याची जाळी तोडणारी बोट आपल्या देशाची आहे. न्याय एकच हवा. मालवणात जे चूक ते पाल्कच्या पाण्यातही चूक.

ट्रॉलरवरचे खलाशी म्हणजे ट्रॉलरचे मालक नव्हेत. वाट्यावर, नाहीतर रोजावर जाणारी ही माणसे. बोट कुठे न्यायची हे त्यांना कोणी विचारत नाही, आणि तुरुंगात मात्र तीच जातात. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी एप्रिल २०२४ मध्ये सांगितलेला आकडा आहे : वीस वर्षांत श्रीलंकेने ६,१८४ भारतीय मच्छीमार पकडले आणि १,१७५ बोटी जप्त केल्या. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणारी मासेमारी कायद्याने बंद केली आणि पुढच्या वर्षी परदेशी बोटींचा दंड अनेक पटींनी वाढवला. जून २०२४ मध्ये भारतीय ट्रॉलर पकडताना त्यांचा एक नौसैनिक मेला. ऑगस्टमध्ये कच्चतीवूजवळ त्यांच्या नौकेची धडक बसून आपला एक मच्छीमार गेला. जानेवारी २०२५ मध्ये नेडुंतीवूजवळ गोळीबारात आपले मच्छीमार जखमी झाले. त्यावर सरकारने तीव्र निषेध नोंदवला आणि तो योग्यच होता. निःशस्त्र माणसावर गोळी झाडायचे समर्थन कोणत्याही सीमारेषेने होत नाही. पण निषेधाचा खलिता पाठवून झाल्यावर पुढच्या आठवड्यात त्याच बोटी त्याच पाण्यात गेल्या.

मार्ग कोणालाच माहीत नव्हता असे नाही. दोन्हीकडचे मच्छीमार २०१० मध्ये समोरासमोर बसले, पुढे २०१४ मध्ये चेन्नई आणि कोलंबोत बसले, आणि प्रत्येक वेळी गाडी एकाच मुद्द्यावर आली : ट्रॉलर बंद करायला किती मुदत. २०१७ मध्ये केंद्राने योजना आणली, की पाल्कच्या उपसागरातले २,००० ट्रॉलर मोडीत काढून त्यांच्या जागी खोल समुद्रात ट्युना पकडणाऱ्या बोटी द्यायच्या. बोटीची किंमत ८० लाख. निम्मे पैसे केंद्राचे, वीस टक्के राज्याचे, वीस टक्के बँकेचे कर्ज, दहा टक्के मालकाचे. योजना चांगली होती, तरी उद्दिष्टाच्या आसपासही गेली नाही. कारणे किनाऱ्यावरच्या कोणालाही विचारा. आज निघून उद्या सकाळी घरी येणाऱ्या माणसाला आठवडेच्या आठवडे बंगालच्या उपसागरात राहा म्हणायचे, तर शिकवायला हवे, सोबत द्यायला हवी. ट्युनाला बर्फ, साठवण, खरेदीदार हवा. आणि जुन्या ट्रॉलरचे खलाशी कुठे जाणार, हा प्रश्न मालकाला अनुदान देणाऱ्या योजनेत विचारलाच गेला नाही. दरम्यान तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरातले ४४८ चौरस किलोमीटर पाणी डुगाँग या समुद्री गवतावर जगणाऱ्या प्राण्यासाठी राखीव केले. ज्या गवतासाठी राखीव क्षेत्र केले तेच गवत उपटणाऱ्या जाळ्याचे काय करायचे, ते ठरवायचे राहून गेले.

आता आपल्या घरचे सांगतो. डहाणू, तलासरी, पालघरची मुले ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यांत आदिवासी घरांतली पुष्कळ. हंगामाआधी उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत बोट सोडता येत नाही. कच्छकडे सरक्रीकवरून भारत-पाकिस्तानचा वाद आहे. ९६ किलोमीटरच्या त्या खाडीत रेषा कुठून धरायची यावर एकमत नाही, त्यामुळे तिच्यापुढे समुद्रातली हद्दही ठरलेली नाही. जी रेषा दोन सरकारांना इतक्या वर्षांत काढता आली नाही, ती ओलांडली म्हणून खलाशाला पकडतात. हे दोन्हीकडे होते, आपल्या तुरुंगांतही पाकिस्तानी मच्छीमार आहेत. शिक्षा काही महिन्यांची असते, ती भोगून झाल्यावरही माणूस वर्षानुवर्षे आत राहतो, कारण त्याचे राष्ट्रीयत्व पडताळून व्हायचे असते. २०२४ मध्ये डहाणूच्या एका खलाशाचा कराचीत मृत्यू झाला, आणि त्याचा देह घरी यायला महिन्याहून जास्त काळ गेला.

त्या घरांत काय असते ते सांगतो. एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात आधार कार्डाची झेरॉक्स, मच्छीमाराचे ओळखपत्र, बोटीच्या नोंदणीची मालकाने मोठ्या मिनतवारीने दिलेली प्रत, ग्रामपंचायतीचा दाखला, आणि तुरुंगातून आलेले असेल तर एखादे पत्र, हिंदीत, दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलेले. बाई ती पिशवी घेऊन कार्यालयात जाते. तिथे सांगतात, बोट गुजरातची, तिकडे विचारा. तिकडे सांगतात, माणूस महाराष्ट्राचा. १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, २००८ च्या करारानुसार. त्या दोन तारखा या बायकांना सणांसारख्या पाठ असतात. नाव यादीत आहे एवढे कळले तरी पुरे होते. कैद्यांच्या तुरुंगांना भेट देण्यासाठी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती होती. ती २०१३ मध्ये शेवटची बसली. ती पुन्हा बसवा म्हणून आपल्यापैकी किती जणांनी प्रश्न विचारला?

समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कायद्याचे ७३ वे कलम सांगते की विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात, मासेमारीचा नियम मोडला म्हणून परदेशी मच्छीमाराला, तसा वेगळा करार नसेल तर, तुरुंगवास देता येत नाही आणि वाजवी जामिनावर बोट नि माणसे लवकर सोडायची. पाल्कच्या पाण्याला दोन्ही देशांनी ऐतिहासिक पाणी, म्हणजे आपापल्या हद्दीतलेच पाणी, मानल्यामुळे तिथे हे कलम सरळ लागू होत नाही. पण त्यामागचा विचार दोन देशांना करारात उतरवायला कोणी अडवलेले नाही. खलाशाला काही दिवसांत घरी पाठवायचे आणि दंड मालकाकडून वसूल करायचा, असा करार श्रीलंकेशी होऊ शकतो, आणि आज ना उद्या पाकिस्तानशीही. असा करार मागायचा तर आधी आपल्या बाजूचे ट्रॉलर थांबवावे लागतील. नाहीतर कोलंबो कोणत्या तोंडाने ऐकेल?

म्हणून विनंती अशी आहे. पुढच्या अधिवेशनात कच्चतीवू निघेल तेव्हा त्या बेटावर पक्ष मोजत बसू नका. २०१७ च्या योजनेत आजवर प्रत्यक्ष किती ट्रॉलर मोडले आणि त्यावरच्या किती खलाशांना दुसरे काम मिळाले, हे तारांकित प्रश्नाने विचारा. जुन्या ट्रॉलरची सरकारने बाजारभावाने खरेदी करावी आणि त्या पैशात खलाशाचा वाटा वेगळा काढावा, अशी मागणी करा. दोन्हीकडच्या मच्छीमारांची बैठक पुन्हा सुरू करा आणि तिच्यात जाफन्याच्या माणसाला पाहुणा म्हणून नव्हे, तर त्या पाण्याचा वाटेकरी म्हणून बसवा. जत्रेला जाणाऱ्या बोटी जशा विनासायास जातात तशा जाऊ द्या. २०२४ मध्ये रामेश्वरमच्या मच्छीमारांनी आपल्या माणसांना झालेल्या कैदेच्या निषेधार्थ जत्रेवरच बहिष्कार टाकला होता, ती पाळी पुन्हा येऊ नये. आणि पाकिस्तानबरोबरची न्यायाधीशांची समिती बसवण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाला लेखी विचारा. राजकीय वातावरण ठीक नाही, हे उत्तर मिळेलच. ते उत्तर पुरेसे नाही, हे सभागृहात सांगणे आपले काम आहे.

सरक्रीकमध्ये पकडलेल्या आणि अजून न सुटलेल्या पालघर जिल्ह्यातल्या खलाशांची, आमच्याकडे आहे तेवढी यादी या पत्रासोबत आपल्या दिल्लीच्या पत्त्यावर वेगळ्या पाकिटात पाठवली आहे. त्या कुटुंबांची नावे इथे छापणे बरे नव्हे. पाकीट पोचल्याचे कृपया कळवावे.

आपला विश्वासू,
पालघर किनाऱ्यावरचा एक मतदार